गावानं वर्गणी काढली, आता शाळेसाठी टॅब किती घ्यायचे?

माणगंगा

नमस्कार मंडळी. मी माणदेशातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट चाळिसाच्या आत. आमच्याकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. यंदा यात्रेला सगळे गावी आले, देवळात बैठक झाली आणि शाळेसाठी चांगली वर्गणी जमली. पोरांना टॅब घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता शाळा व्यवस्थापन समितीत दोन तट पडलेत. काही पालक म्हणतात, तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचा टॅब हवा, शहरातल्या मुलांपुढं आपली पोरं मागं का राहावीत? बाकीचे म्हणतात, एक मोठा टीव्ही भिंतीला लावा, सगळ्यांना दिसेल आणि फुटायची भीती नाही. मला दोन्ही पटत नाही. चार-पाच मुलांत एक टॅब घ्यावा आणि उरलेल्या पैशांत गोष्टींची पुस्तकं, तराजू, भिंगं, चुंबक असं साहित्य घ्यावं, असं माझं मत आहे. समितीपुढं हे मांडायचं आहे. ज्यांनी वर्गात किंवा घरात प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी लिहा. विरोधातलं आधी लिहा.

माझं मत कशावरून बनलं ते सांगते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलपासून 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागली, जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. वस्तीवर फोन होते, पण ते बापाच्या खिशात, आणि बाप रानात नाहीतर परमुलखात. मग मुलांनीच सोय लावली. ज्याच्या घरी फोन असेल त्याच्या अंगणात पाच-सहा जण जमायचे. मोठी मुलगी सूचना वाचायची, धाकटी तसं करून बघायची. खेड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मुलं परत आली तेव्हा मला फरक दिसला. घरात एकट्यानं व्हिडिओ पाहिलेल्या मुलांना त्यातली वाक्यं पाठ होती. अंगणात एकत्र बसलेल्यांना 'असं का?' विचारायची सवय लागली होती.

आताचं एक उदाहरण देते. भागाकाराच्या एका अ‍ॅपमध्ये ३७ भागिले ५ येतं. मुलानं नुसतं ७ लिहिलं की लाल फुली, कारण बाकी लिहायची राहिली. अ‍ॅप पुढं काही बोलत नाही. मूल एकटं असेल तर ८ लिहून बघतं, ६ लिहून बघतं, हिरवं दिसेपर्यंत बोट दाबत राहतं. परवा चौघं जण बसले होते तेव्हा एक धनगराचा पोरगा शेजारच्याला म्हणाला, "पाच वाड्यांत सात-सात मेंढरं कोंडलीस, आन् दोन बाहीर उभी हायती. ती कुणाची?" शेजारच्याला बाकी म्हणजे काय ते तिथं कळलं. हे बोलणं घडायला टॅब मध्ये असावा लागतो आणि चार डोकी भोवती.

उंबरठा

माणगंगाताई, तुम्ही विरोध मागितलाय म्हणून तोच आधी मांडते. मी पुण्यात राहते, शिक्षिका नाही, आई आहे. माझी मुलगी सावकाश वाचते. वर्गात गटकाम असलं की तिच्या वाट्याला चित्र रंगवायचं काम येतं. उत्तर नेहमी दुसरंच कुणीतरी देतं, आणि ते इतक्या झटपट देतं की हिला विचार करायला सवडच मिळत नाही. घरी टॅबवर एकटी बसली तेव्हा तिला पहिल्यांदा एखादा भाग थांबवून पुन्हा बघता आला. कुणी हसलं नाही, कुणी "अगं सोपं आहे" म्हणालं नाही. तिचा अपूर्णांक असा सुटला. म्हणून 'एकट्यानं शिकलेलं कच्चं' हे मला मान्य नाही.

आणखी एक. चार मुलांत एक टॅब दिल्यावर तो प्रत्यक्षात कुणाच्या हातात असतो? मुलींच्या हातात येतो का, की त्या वहीत उतरवून घेतात? समितीला हे जरूर विचारा.

फळा_खडू

मी सातारा जिल्ह्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. ताई, तुमच्या गावात चाललेली चर्चा मी आयुष्यभर वेगवेगळ्या यंत्रांबद्दल ऐकली आहे.

१९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. दूरदर्शनवर मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम येऊ लागले. काही कार्यक्रम फार कष्टाने केलेले असत, आजही बघावेत असे. शाळांना टीव्ही संच मिळाले. त्यांतले बरेचसे मी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात पाहिले. कारण साधे होते. जडसंग्रह नोंदवहीत एखाद्या वस्तूची नोंद झाली की ती बिघडल्यावर जबाबदारी मुख्याध्यापकाची. मग ती शिकवण्याची वस्तू राहत नाही, सांभाळण्याची होते. २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली तेव्हा मला जास्त वाईट वाटले ते न वापरल्या गेलेल्या त्या संचांचे. म्हणून टॅब चार घ्या की चाळीस, आधी समितीचा ठराव करून घ्या: मुलांच्या वापरात मोडतोड झाली तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही. हा ठराव टॅबच्या संख्येपेक्षा महत्त्वाचा आहे.

दुसरा अनुभव आमच्याच जिल्ह्यातला. कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांत, ज्ञानरचनावादी पद्धतीने (मुलाने स्वतः करून शिकण्याच्या) शाळा चालू लागल्या. मुले जमिनीवर गटात बसायची, मणी-काड्या-शब्दकार्डे हाताळायची, शिक्षक फळ्यापासून दूर, मुलांत बसलेला. ही बातमी पसरली आणि राज्यभरातून शिक्षक बघायला येऊ लागले. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नुकतेच प्रत्येक गुरुजींच्या हातात आले होते. फोटो रातोरात सगळीकडे गेले. त्यानंतर मी दोन प्रकारच्या शाळा पाहिल्या. ज्या शिक्षकांनी कुमठ्याच्या वर्गात पूर्ण दिवस बसून मुले काय बोलतात ते ऐकले, त्यांनी परत जाऊन आपल्या मुलांना साजेल असे काहीतरी घडवले. ज्यांच्यापर्यंत फक्त फोटो पोहोचले, त्यांनी फरशी रंगवून घेतली. फरशीवर सुंदर संख्यारेषा, आणि मुले मात्र रांगेत बसून पाढे घोकत आहेत. फोटोत रंग दिसतो, मूल काय विचारते ते ऐकू येत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की मुलांइतकेच शिक्षकांनाही एकत्र शिकावे लागते. टॅब घेतल्यावर केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुमचा पाठ ठेवा. शेजारच्या शाळेच्या बाईंना वर्गात बसवा. तुमचा तो मेंढरांचा संवाद मला कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेपेक्षा उपयोगी वाटतो.

सह्यवारा

वाचनखूण साठवली. आमच्याही समितीत हाच वाद चालू आहे.

आकडेमोड

शिक्षणाच्या सर्वेक्षणांचं काम करतो, म्हणून थोडी माहिती जोडतो.

'प्रत्येक मुलाला एक यंत्र' हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत मुलांना ते प्रसिद्ध हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले होते, 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतले. भारतातला तो त्यांचा पहिला प्रयोग. याच योजनेची मोठी पाहणी पेरू देशात झाली. ३१९ ग्रामीण शाळा, आणि सुमारे १५ महिन्यांनंतर चाचण्या. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: मुलांचा संगणकाचा वापर भरपूर वाढला, गणित आणि भाषेत मात्र फरक पडला नाही. मुलांच्या हाती यंत्र आलं, पण त्यांच्या भोवतालची शिकवण्याची रीत होती तशीच राहिली, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पण उंबरठाताईंच्या बाजूनंही भक्कम पुरावा आहे, तो लपवणं योग्य नाही. २०१५ मध्ये दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरची केंद्रं चालवून अभ्यास झाला. तिथं प्रत्येक मूल स्वतंत्र संगणकावर बसायचं आणि ते जिथं अडलंय तिथूनच त्याला प्रश्न दिले जायचे. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती दिसली. कारण वर्ग सातवीचा असला तरी त्यातली बरीच मुलं तिसरी-चौथीच्या पातळीवर होती, आणि वर्गातला शिक्षक सातवीचंच पुस्तक शिकवत होता. यंत्रानं प्रत्येकाला त्याच्या पायरीवर गाठलं. मात्र त्या केंद्रांत ९० मिनिटांपैकी निम्मा वेळच संगणकापुढे जायचा. उरलेला निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांचा गट एका ताई किंवा दादासोबत बसायचा. बातम्यांत पहिला अर्धाच आला.

फोन घरी आला म्हणजे मुलाला मिळाला, असंही नाही. 'असर' या देशभरातल्या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०१८ साली शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांच्या. पण घरी फोन असलेल्यांपैकी चौथा हिस्सा मुलांना तो अभ्यासासाठी मिळतच नव्हता. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. गेल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं असं सांगणारी मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमं वापरली असं सांगणारी ७६ टक्के.

सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात शिकवतो. आमच्या पाड्यावर रेंज नाही, लाईट असली तर असली. वरची सगळी चर्चा टॅबवर मुलांना काय *दाखवायचं* याची आहे. मला सांगावंसं वाटतं की टॅबला कॅमेरा आहे, माइक आहे. आमच्याकडे मी तो दाखवायला कमी आणि नोंदवायला जास्त वापरतो.

आमची मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. पहिलीत आली की पुस्तक मराठी, गाणी मराठी, व्हिडिओतली बाई मराठी, तीही पुण्याची मराठी. मूल गप्प बसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं याला काही येत नाही. त्याच मुलाला रानात न्या, दहा प्रकारच्या गवतांची नावं सांगेल, कोणतं बैल खातो आणि कोणतं खात नाही तेही सांगेल.

मग आम्ही असं सुरू केलं. तिसरी-चौथीची तीन-चार मुलं एक टॅब घेऊन पाड्यावर जातात. एखाद्या आजीला गोष्ट सांगायला लावतात, नाहीतर डोंगरावरच्या बियाणांबद्दल विचारतात, बांबूची टोपली विणताना हात कसे चालतात त्याचं चित्रण करतात. दुसऱ्या दिवशी वर्गात ते सगळे मिळून ऐकतो. थांबवतो, पुन्हा ऐकतो. पावरीतलं वाक्य देवनागरीत फळ्यावर लिहितो, खाली मराठी. कुठला शब्द मराठीत कसा म्हणायचा यावर मुलं भांडतात, आणि त्या भांडणात मराठी शिकतात. पहिलीच्या मुलांना वाचायला हेच देतो. ओळखीच्या आजीची गोष्ट असली की मूल अक्षराला घाबरत नाही.

याचा एक परिणाम मी धरलेलाच नव्हता. शाळेकडे न फिरकणारी म्हातारी माणसं यायला लागली. "माझा आवाज लावा" म्हणतात. एका आजोबांनी मुलांनी लिहिलेली गोष्ट ऐकून त्यातला एक प्रसंग चुकलाय म्हणून सांगितलं आणि बसून दुरुस्त करून घेतला. इतकी वर्षं शिक्षण गावात शाळेतून जायचं, आता गावातून शाळेतही येतंय. हे काम नवं आहे असा माझा दावा नाही. नर्मदा बचाव आंदोलनानं चालवलेल्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी मुलांच्या बोलीतून शिकवायला टॅब येण्याच्या कितीतरी आधीपासून सुरुवात केली. टॅबमुळे आवाज जपता येतो, एवढी भर पडली.

माणगंगाताई, तुमच्याकडे ओव्या म्हणणाऱ्या बाया असतील, बिरोबापुढं गजी नाच करणारे असतील. आधी त्यांच्याकडे मुलं पाठवा.

द्राक्षवेल

मी मास्तर नाही, तासगावचा बागायतदार आहे, तरी लिहितो, कारण आम्ही मोठी माणसंही याच पद्धतीनं शिकतोय. आमच्या भागात द्राक्षाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. सुरुवातीला कुणीही पानाचा फोटो टाकायचा आणि विचारायचा, "काय मारू?" खाली वीस जण वीस औषधं सांगायचे. खर्च वाया.

मग ग्रुपनं नियम केला. फोटो पानाच्या दोन्ही बाजूंचा हवा. वाण कोणता, छाटणी कोणत्या तारखेची, आधीची फवारणी कशाची आणि कधी, पाऊस-दव किती, हे लिहिल्याशिवाय उत्तर नाही. आता गंमत बघा, हे सगळं भरता भरताच निम्म्या लोकांना उत्तर सापडायला लागलं. पानाच्या वर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी म्हणजे डाऊनी, वरच राखेसारखी पावडर म्हणजे भुरी, हे पान उलटून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आधी कुणी उलटतच नव्हतं. तरीही फोटोवर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही म्हणून आठवड्याला शिवारफेरी असते. ज्याचा प्रश्न, त्याच्या बागेत सगळे जातात.

मुलांना टॅबवर उत्तर शोधायला शिकवण्याआधी प्रश्न भरायला शिकवा, असं मला वाटतं. काय बघितलं, कधी बघितलं, आधी काय केलं. आमच्या ग्रुपमध्ये सातवी शिकलेला माणूस आज कृषी पदवीधरांना नीट प्रश्न विचारायला लावतो.

कानसेन

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. सरकारी नोकरीत आहे. या विषयावर आमच्यासारख्यांचा अनुभव फारसा कुणी विचारत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माझ्या शाळेच्या काळात ब्रेल पुस्तकं मोजकी होती. पुस्तक मिळायचं ते सत्र अर्ध्यावर आल्यावर. बाकीचं शिक्षण म्हणजे कुणीतरी वाचून दाखवणं. पुढं एनव्हीडीए आलं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केलं आणि ते मोफत ठेवलं. त्याआधी अशी सॉफ्टवेअरं आमच्या आवाक्याबाहेरची होती. ज्यांना गरज होती त्यांनीच ते बनवलं, आणि जगभरातले वापरणारे त्यात भर घालत गेले. त्यातूनच मी मराठी वर्तमानपत्र आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वाचलं. कुणाची वेळ न मागता वाचता येणं ही काय गोष्ट आहे, ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

त्यामुळे उंबरठाताईंचा मुद्दा मला आतून पटतो. एकट्यानं, आपल्या गतीनं शिकण्याचा अधिकार ज्याला कधी मिळाला नाही, त्याला त्याची किंमत कळते.

पण माझ्या एकट्याच्या या वाचनामागं किती लोक आहेत ते सांगतो. मराठीतली कितीतरी पुस्तकं आणि प्रश्नसंच पीडीएफमध्ये असतात, आणि ते पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. सॉफ्टवेअरला तिथं अक्षर सापडत नाही. युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्राला सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत; जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाईल उघडली तर ते अगम्य चिन्हं वाचत सुटतं. मग कुणीतरी डोळस स्वयंसेवक पुस्तक पुन्हा टाईप करतो, दुसरा तपासतो, तिसरा आवाजात ध्वनिमुद्रित करतो. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय सुरू झालं. एकदा कुठल्यातरी संस्थेनं वाचता येण्याजोगं केलेलं पुस्तक तिथं देशातल्या बाकीच्या अंध वाचकांनाही मिळतं. तेच पुस्तक दहा ठिकाणी दहादा टाईप करायची वेळ येत नाही. स्पर्धा परीक्षेच्या काळात आमचा एक गट रोज रात्री फोनवर जमायचा. एकजण चालू घडामोडी वाचायचा, बाकीचे प्रश्न काढायचे. मी नोकरीला लागलो त्यात त्या गटाचा वाटा मोठा आहे.

शिक्षक मंडळींना दोन विनंत्या. व्हिडिओ बनवताना "हे बघा, असं फिरवा, मग हे इथं येतं" असं बोलू नका. "काटकोन डाव्या हाताला ठेवा, लांब बाजू खाली" असं बोला. शेजारी अंध मूल असलं की डोळस मुलांना आपोआप असं बोलावं लागतं, आणि नीट वर्णन करताना त्यांचंही नीट कळतं, हे मी माझ्या वर्गमित्रांत पाहिलंय. दुसरी विनंती, प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय युनिकोडमध्येच टाईप करा.

उंबरठा

कानसेन, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. सातपुडा यांचाही. तिला आजीच्या गोष्टी ऐकायच्या आहेत, कुठं मिळतील?

माझा आक्षेप थोडा नीट मांडते. गट नको असं नाही, पण गटात प्रत्येकाला जागा मिळेल याची तजवीज मोठ्या माणसानं करायला हवी. ती आपोआप होत नाही.

आकडेमोड

अगदी हेच भिंतीतल्या संगणकाच्या प्रयोगात घडलं. १९९९ मध्ये दिल्लीतल्या कालकाजीत सुगाता मित्रांनी वस्तीच्या बाजूच्या भिंतीत संगणक बसवला. कुणी न शिकवता मुलं तो वापरायला शिकली, आणि गटानं शिकली. एकाचा हात यंत्रावर, भोवती सल्ले देणारे पाच-सहा. तो प्रयोग जगभर गाजला, २०१३ मध्ये त्यांना टेड पारितोषिक मिळालं आणि पुढं माणगंगाताईंच्या शेजारी फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेतही त्यांची एक खोली सुरू झाली. पण भिंतीतल्या संगणकांबद्दल पायल अरोरा यांनी २०१० मध्ये उत्तराखंडातल्या दोन ठिकाणांचा अभ्यास मांडला, तो कमी लोकांनी वाचला. तिथं मोठ्या मुलांनी ताबा घेतला होता, मुली मागं पडल्या होत्या, आणि पुढं ती जागाच ओस पडली. सुगाता मित्रांच्याच पुढच्या कामात आज्या आल्या, इंटरनेटवरून मुलांशी बोलणाऱ्या, "वा, हे तू कसं केलंस?" एवढंच विचारणाऱ्या. कौतुकानं विचारणारं कुणीतरी लागतं, हे त्यांनाही दिसलं असणार.

दूरदेशी

न्यू जर्सीत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी शिकवते. आमची मुलं मराठी समजतात, बोलायला लाजतात. आईबाबांशी बोलून ती लाज जात नाही, कारण आईबाबांना इंग्रजी येतं हे त्यांना माहीत आहे. समोर त्यांच्याच वयाचं, फक्त मराठी बोलणारं मूल असेल तर बोलावंच लागेल. आमची शाळा सकाळी भरते तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळ असते. माणगंगाताई किंवा सातपुडा, जमेल का? आमच्या मुलांना तुमच्या मुलांकडून शिकायचं आहे, मदतबिदत म्हणून नाही.

माणगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. समितीची बैठक झाली. बहुतेक प्रतिसाद मी वाचून दाखवले. द्राक्षवेल यांचा लोकांना सगळ्यात जास्त भिडला, कारण बैठकीतल्या निम्म्या माणसांच्या डाळिंबाच्या बागा आहेत.

ठरलं ते असं. चार मुलांत एक टॅब. त्याशिवाय दोन टॅब हेडफोनसह वेगळे, ज्या मुलाला एखादा भाग एकट्यानं पुन्हा बघायचा असेल त्याच्यासाठी. ते मागायला कारण सांगावं लागणार नाही. उंबरठाताई, हे तुमच्यामुळे झालं. गटात टॅब धरणारा रोज बदलणार, आणि त्याची यादी मुलंच भिंतीवर लावणार. टॅब धरणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, बाकीचे सांगतील ते करायचं. यामुळं पुढं पुढं करणाऱ्या मुलांना ऐकावं लागतं. वसुलीबद्दलचा ठराव फळा_खडू सरांनी सांगितला तसाच्या तसा लिहून घेतला, मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. उरलेल्या पैशांत पुस्तकं आणि साहित्य.

एक पालक मात्र नाराज आहेत. त्यांचा मुलगा हुशार आहे, नवोदयची तयारी करायची आहे, गटात त्याचा वेळ जाईल असं त्यांना वाटतं. माझं मत वेगळं असलं तरी त्यांची काळजी खोटी नाही. त्यांच्याशी पुन्हा बसून बोलणार आहे.

बैठकीत चॅटबॉटचाही विषय निघाला. मुंबईहून आलेल्या एका तरुणानं विचारलं, आता मशीनच सगळं सांगतं तर गटात बसून काय करायचं? त्याला वर्गातली एक गोष्ट सांगितली. गजी नृत्याची माहिती चॅटबॉटला विचारली होती. उत्तर सफाईदार मराठीत आलं. ते फळ्यावर लिहिलं आणि मुलांना घरी जाऊन पडताळून यायला सांगितलं. त्यात नाचणाऱ्यांच्या हातात टिपऱ्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्ग पेटलेला होता. "टिपऱ्या न्हाईत बाई, रुमाल!" एकाचे आजोबा स्वतः गजी खेळलेले, ते ढोल घेऊन शाळेत आले. मुलांनी फळ्यावरचं उत्तर ओळ न् ओळ तपासलं, काय बरोबर त्याखाली एक रेघ, काय चूक त्याखाली दोन. छापलेलं किंवा पडद्यावर आलेलं चुकू शकतं, आणि ते तपासायला आपल्या घरात माणूस आहे, हे नऊ वर्षांच्या मुलाला कळलं. यापुढं दर आठवड्याला असं एक उत्तर तपासायचं ठरवलं आहे.

दूरदेशी, आम्ही तयार आहोत. वस्तीवर संध्याकाळी रेंज बरी असते. पहिल्या वेळी मुलांनी एकमेकांना पाच प्रश्न विचारावेत, विषय पाऊस. आमच्याकडे तो का पडत नाही हे मुलं तुम्हाला उत्तम समजावतील.

सातपुडा

आजीच्या गोष्टींचे आवाज पाठवायला अडचण नाही, पण आधी त्या त्या घराला विचारतो. गोष्ट त्यांची आहे. हो म्हणाल्या तर पावरी आणि मराठी दोन्ही मजकूर सोबत देतो. रेंजसाठी धडगावला उतरावं लागतं, तेव्हा बाजाराच्या दिवशी.

कानसेन

मजकूर पाठवाल तेव्हा फोटो नको, टाईप केलेली फाईल द्या. पावरीचे उच्चार सॉफ्टवेअर कसे वाचतं ते मी तपासून सांगतो. जिथं अडखळेल त्या जागा लिहून पाठवीन, तुम्ही मुलांना विचारून तिथं कसं लिहावं ते ठरवा.

फळा_खडू

माणगंगाताई, गजीचा पाठ केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत घ्या. आजोबांनाही बोलवा. मी निवृत्त असलो तरी येईन, तारीख इथे कळवा.